उचल, तुरुंग आणि परवाना : अर्धवट टाकलेल्या घराचा इतिहास



व्याख्यानमालेत इतिहासाचा विषय निघाला की राजे, तह आणि लढाया यांची अपेक्षा असते. आम्ही निवडलेला विषय त्या मानाने फार लहान आहे. एका घराच्या भिंतीएवढाच. घर बांधण्यासाठी किंवा दुरुस्त करण्यासाठी एखाद्याने आगाऊ पैसे घेतले आणि काम अर्ध्यावर टाकून तो निघून गेला, तर समाजाने त्याचे काय करावे? हा प्रश्न नवा नाही. त्याला निरनिराळ्या काळी निरनिराळी उत्तरे दिली गेली, आणि त्या उत्तरांकडे पाहिले म्हणजे राज्य कोणाच्या बाजूला उभे होते हे लढायांच्या वर्णनापेक्षाही स्पष्ट दिसते.

हा प्रश्न दोन्ही बाजूंनी पाहण्याचा योग आम्हांला आला आहे. गवंडी, बिगारी, सेंट्रिंगवाले आणि फरशीवाले यांच्या संघटनेचे काम करताना असे पुष्कळदा घडले की, सकाळी एक घरमालक तक्रार घेऊन आले : स्वयंपाकघर उखडून ठेवले आहे, निम्म्याहून अधिक पैसे दिले आहेत आणि कंत्राटदार फोन उचलत नाही. त्याच दिवशी संध्याकाळी त्याच घरावर काम केलेले चार गवंडी आले, त्यांची तीन आठवड्यांची मजुरी बुडाली होती. मालकांची समजूत अशी, की मजूर पळाले. मजुरांची समजूत अशी, की मालकाने पैसे दिले नाहीत. दोघांचेही पैसे एकाच खिशात गेले होते. आजच्या विवेचनात हे ध्यानात ठेवावे, कारण हा मधला खिसा कायद्याच्या नजरेला फार उशिरा पडला.

प्रथम हे पाहू, की आगाऊ रक्कम ही भानगड मुळात उत्पन्न का होते. जुन्या गावगाड्यात सुतार आणि लोहार बलुतेदार होते. शेतकऱ्याची औते-अवजारे दुरुस्त करण्याबद्दल त्यांना सुगीला धान्याचा वाटा मिळे. सुताराचे घर गावात, वतन गावात, सोयरीक पंचक्रोशीत. अशा माणसाला अर्धे काम टाकून जायला जागाच नव्हती. या व्यवस्थेचे गोडवे आम्ही गाणार नाही. ज्याला गाव सोडता येत नाही त्याला आपल्या श्रमाचा भावही ठरवता येत नाही. पण एवढे खरे, की ओळखीच्या माणसांत इसाराचे महत्त्व कमी असते. काम करणारा आणि करवून घेणारा एकमेकांना अनोळखी झाले, कामाचा मोबदला रोकड झाला आणि सामान बाजारातून आणावे लागू लागले, म्हणजे उचल येते. वाळू, विटा, सळई, सिमेंट यांना आधी पैसे लागतात. मजुराला आठवड्याच्या बाजाराला पैसे लागतात. आणि कंत्राटदाराजवळ स्वतःचे भांडवल बहुधा नसतेच. तेव्हा आगाऊ पैसे मागणे हे स्वतः लबाडीचे लक्षण नव्हे. लबाडी पुढे सुरू होते. एका घराचे आगाऊ पैसे दुसऱ्या घराची जुनी देणी भागवण्यात जातात, मग दुसऱ्याची भर तिसऱ्याकडून घ्यावी लागते, आणि एक दिवस ही साखळी तुटते. ज्याच्या घरी ती तुटते तो बुडतो.

शहरे, बाजार आणि रोकड व्यवहार प्राचीन भारतातही होते, म्हणून हा प्रश्नही होता. कौटिल्याच्या अर्थशास्त्राची पोथी म्हैसूरच्या ग्रंथालयात १९०५ साली उजेडात आली आणि शामशास्त्री यांनी १९०९ साली ती छापून प्रसिद्ध केली. तिच्या तिसऱ्या आणि चौथ्या अधिकरणांत मजूर व कारागीर यांचे नियम आहेत. वेतन घेऊन काम न करणाऱ्या मजुराला बारा पण दंड आणि काम होईपर्यंत अडकवून ठेवणे, ही शिक्षा तेथे सांगितली आहे. कारागिराने ठरलेली मुदत ओलांडली तर त्याच्या वेतनाचा चौथा हिस्सा कापावा आणि वर त्याच्या दुप्पट दंड करावा, असाही नियम आहे. हे नियम कडक आहेत. पण ते इतकेच वाचून पुस्तक मिटणे बरे नव्हे, कारण त्यांच्या आसपास आणखी चार गोष्टी आहेत.

पहिली ही, की सबब ऐकून घेतली आहे. आजारपण, संकट, अंगात बळ नसणे किंवा काम निंद्य असणे, अशा कारणांनी मजुराला कबुलीतून मोकळे होता येते किंवा दुसऱ्याकडून काम करवून देता येते. दुसरी, की बंधन दोन्ही बाजूंना आहे. दोघांनी एकमेकांना बांधून घेतले असेल, तर काम न करणाऱ्या मजुराप्रमाणेच काम न देणाऱ्या मालकालाही बारा पण दंड आहे. तिसरी, की संघामार्फत कामाला लागलेल्यांना ठरलेल्या मुदतीवर सात रात्रींची सवलत आहे, आणि तीही टळली तर संघाने दुसरा माणूस उभा करून काम पुरे करून द्यावे असे म्हटले आहे. चौथी आणि आम्हांला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट अशी, की कारागिराकडे सोपवलेल्या ठेवीच्या मागे त्याची श्रेणी उभी आहे. कारागिरावर आपत्ती आली तर ठेवीची जबाबदारी श्रेणीवर येते. शास्त्रात लिहिले ते सर्वत्र अमलात होते असे कोणी समजू नये. पण लिहिणाऱ्याला एक गोष्ट कळली होती : काम टाकून गेलेल्या माणसाला नुसता दंड करून घरमालकाची भिंत उभी राहत नाही. भिंत उभी राहायची तर त्या माणसाच्या मागे दुसरे कोणीतरी जबाबदार असावे लागते.

येथून आपण एकदम इंग्रजी अमलात येतो. मधल्या शतकांत व्यवहार थांबले होते असे नव्हे. परंतु याच गुन्ह्यासाठी एक स्वतंत्र, लेखी आणि देशभर नेता येईल असा कायदा आपल्या मुंबईवर प्रथम आला तो १८५९ साली. कंपनीचे राज्य जाऊन राणीचे राज्य आल्याला जेमतेम वर्ष झाले होते. त्या वर्षीचा तेरावा कायदा कामकऱ्यांच्या करारभंगाविषयी होता. कलकत्ता, मद्रास आणि मुंबई या इलाख्यांच्या राजधान्यांतील कारखानदार व व्यापारी यांचे फार नुकसान होते, कारण कारागीर, कामकरी आणि मजूर आगाऊ पैसे घेऊन लबाडीने करार मोडतात, असे कारण त्याच्या प्रस्तावनेतच दिले होते. ज्याने आगाऊ पैसे दिले त्याने मॅजिस्ट्रेटकडे फिर्याद करावी. मॅजिस्ट्रेटने समन्स किंवा वॉरंट काढून कामकऱ्याला आणवावे. वाजवी सबबीशिवाय त्याने काम टाकले असे दिसले तर पैसे परत कर किंवा काम पुरे कर असा हुकूम करावा. यांपैकी कोणता हुकूम व्हावा हे ठरवण्याचा अधिकार फिर्यादीला होता. आणि हुकूम पाळला नाही तर सक्तमजुरीची कैद, तीन महिन्यांपर्यंत.

या कायद्याचे शब्द जरा बारकाईने पाहावेत. करार मोडणे ही वास्तविक दिवाणी बाब. व्यापाऱ्याने व्यापाऱ्याशी केलेला करार मोडला तर दावा होतो, नुकसानभरपाई मिळते, तुरुंग दिसत नाही. तेच एखाद्या सुताराने किंवा गवंड्याने केले तर कोठडी. दुसरे, मालकाने करार मोडला, मजुरी अडकवली, काम दिले नाही, तर या कायद्यात त्याला कसलीही शिक्षा नव्हती. कौटिल्याने दोन्ही पारड्यांत बारा-बारा पण टाकले होते. १८५९ च्या तराजूला पारडे एकच होते. तिसरे, यात नावे होती ती कारागीर, कामकरी आणि मजूर यांची. म्हणजे ज्यांच्या हातात थापी आणि करवत होती त्यांची. चौथे, आगाऊ रक्कम किती असावी याला मर्यादा नव्हती. त्यामुळे उचल हे काम सुरू करण्याचे साधन न राहता माणूस बांधून ठेवण्याचे साधन झाले. लग्नाला, आजारपणाला, दुष्काळाला पैसे द्यायचे आणि मग फिटेपर्यंत राबवायचे. तीन राजधान्यांसाठी केलेला हा कायदा सरकारी हुकमाने इतरत्र लागू करता येत होता, आणि तो तसा लागू केला गेला. आसामच्या चहाच्या मळ्यांवर मजूर जखडून ठेवण्याच्या कामी त्याचा किती उपयोग झाला, ते मजूर चळवळीच्या इतिहासात नमूद आहे. घर अर्धवट राहिल्याची तक्रार म्हणून ज्या तत्त्वाचे समर्थन करता आले असते, ते तत्त्व शेवटी मळ्याच्या कुंपणाची तार बनले.

खुद्द इंग्लंडातही असेच कायदे होते. १८२३ च्या कायद्याने काम सोडून जाणाऱ्या नोकराला तुरुंगात टाकता येत असे. तेथल्या मजूर संघटनांनी त्याविरुद्ध झगडा केला आणि १८७५ साली मालक-कामगार करारभंग ही इंग्लंडात साधारणपणे दिवाणी बाब झाली. हिंदुस्थानात मात्र १८५९ चा कायदा तसाच राहिला. जे लंडनच्या गवंड्याला लावणे अन्याय्य ठरले होते, ते मुंबईच्या गवंड्याला आणखी पन्नास वर्षे लागू होते.

तो रद्द कसा झाला? पहिले महायुद्ध संपल्यावर मजुरांच्या प्रश्नाला जगभर तोंड फुटले. १९१९ साली आंतरराष्ट्रीय मजूर संघटना निघाली. ३१ ऑक्टोबर १९२० रोजी मुंबईत लाला लजपत राय यांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेस भरली. त्याच १९२० साली सरकारने जुन्या कायद्यात दुरुस्ती केली आणि तीनशे रुपयांवरील उचलीला तो लागू होऊ नये असे ठरवले. परंतु दुरुस्तीने भागण्यासारखे ते प्रकरण नव्हते. १९२५ साली तो रद्द करणारा कायदा मंजूर झाला आणि १ एप्रिल १९२६ पासून तो इतिहासजमा झाला. दंडविधानातील त्याच जातीची ४९० आणि ४९२ ही कलमेही त्याबरोबर गेली. १९२६ च्याच मार्च महिन्यात ट्रेड युनियन कायदा मंजूर झाला. एक दार बंद होत असता दुसरे उघडले, याचा आम्हांला अभिमान आहे आणि तो लपवण्याचे कारण नाही.

परंतु इतिहास प्रामाणिकपणे सांगायचा तर एक गोष्ट कबूल केली पाहिजे. मजुराला कोठडीतून सोडवले हे योग्यच झाले. पण ज्याचे घर उघडे पडले त्या मनुष्याच्या हातात त्यानंतर काय राहिले? १८७२ चा कराराचा कायदा राहिला. त्याच्या ७३ व्या कलमाप्रमाणे नुकसानभरपाई मागता येते. दावा करावा, वकील द्यावा, तारखांना जावे. पत्र्याखाली चूल मांडून बसलेल्या कुटुंबाला हा उपाय किती दिवसांनी पावणार हे आपण जाणता. दुसरा उपाय फौजदारी फसवणुकीचा. पूर्वी ४२० वे कलम म्हणत, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेतील ३१८ वे कलम. पण फसवणूक सिद्ध करायची तर पैसे घेतानाच लबाडीचा हेतू होता हे दाखवावे लागते. चार दिवस काम करून, एक भिंत पाडून आणि अर्धी बांधून जो गेला, तो म्हणतो, ‘साहेब, हेतू चांगलाच होता, मध्येच अडचण आली.’ मग चौकीवर उत्तर मिळते, की ही दिवाणी बाब आहे. दिवाणी आणि फौजदारी या दोन भिंतींच्या मधल्या बोळातून हा गृहस्थ निघून जातो आणि पुढच्या गल्लीत दुसऱ्या घराचा इसार घेतो.

त्या बोळाच्या तोंडावर कोणी उभे राहावे, याचे एक उत्तर अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने दिले. ते परके आहे म्हणून टाकण्यासारखे नाही आणि परके आहे म्हणून डोक्यावर घेण्यासारखेही नाही. त्याची रचना समजून घ्यावी. तेथे १९२९ साली कंत्राटदारांना परवाना देणारे सरकारी खाते निघाले. १९३५ साली त्याचा कारभार सात सभासदांच्या मंडळाकडे आला आणि १९३८ साली परवान्यासाठी परीक्षा सक्तीची झाली. तेव्हापासून तेथे घराचे काम घेणारा कंत्राटदार डॉक्टर-वकिलांप्रमाणे परवानाधारक असतो, आणि परवाना म्हटला की त्याला शिस्त आली.

त्या राज्याच्या धंदे व पेशे यांविषयीच्या संहितेत ७१०७ वे कलम आहे. अंगावर घेतलेले बांधकाम कायदेशीर सबबीशिवाय सोडून देणे हे परवानाधारकाविरुद्ध शिस्तभंगाच्या कारवाईचे कारण आहे, एवढेच ते सांगते. फसवणुकीचा हेतू शोधत बसावे लागत नाही. काम घेतले होते काय, सोडले काय, सबब आहे काय, हे तीन प्रश्न. मालकाने ठरलेला हप्ताच दिला नाही, अशी सबब कंत्राटदाराला मांडता येते. त्याच्या शेजारचे ७१०८ वे कलम एका कामासाठी घेतलेले पैसे दुसरीकडे वळवण्याविषयी आहे. म्हणजे मघाशी सांगितलेली साखळी जेथे सुरू होते तेथेच ते बोट ठेवते. तक्रार आली म्हणजे मंडळ प्रथम तडजोड करून पाहते. ती न झाल्यास चौकशी होते. साध्या प्रकरणी दंड आणि चूक दुरुस्त करण्याचा हुकूम; गंभीर प्रकरणी रीतसर आरोपपत्र, स्वतंत्र न्यायाधिकाऱ्यापुढे सुनावणी, आणि परवाना काही काळ तहकूब किंवा कायमचा रद्द. रद्द झालेला परवाना निदान एक वर्ष परत मिळत नाही, आणि मिळायचा तर ज्याचे नुकसान झाले त्याची भरपाई झाली पाहिजे. तुरुंगात टाकलेल्या कंत्राटदाराकडून घरमालकाला काही मिळत नाही. धंद्यात परत यायची इच्छा असलेल्या कंत्राटदाराकडून मात्र मिळण्याचा संभव असतो.

याहून शहाणपणाचा भाग पुढे आहे. काम बिघडल्यावर शिक्षा करण्यापेक्षा, बिघडले तरी थोडेच बुडावे, अशी व्यवस्था तेथे केली आहे. घरगुती कामात आगाऊ रक्कम कराराच्या दहा टक्के किंवा एक हजार डॉलर, यांपैकी जी कमी असेल तिच्यापेक्षा जास्त घेता येत नाही. पुढचे हप्तेही झालेल्या कामाच्या मोलापलीकडे जाता कामा नयेत. शिवाय प्रत्येक परवानाधारकाला जामीनखत द्यावे लागते. १ जानेवारी २०२३ पासून ते पंचवीस हजार डॉलरचे आहे. एवढी रक्कम त्याने सरकारात भरून ठेवायची नसते. जामीन राहणारी कंपनी दरसाल हप्ता घेऊन त्याच्या मागे उभी राहते. आणि भरपाई द्यावी लागली तर ती त्याच्याकडून वसूल करते. कौटिल्याच्या श्रेणीचे काम येथे विमा कंपनी करते, असे म्हटले तर फारसे चुकणार नाही. आणि या जामीनखतावर हक्क फक्त घरमालकाचा नाही. मजुरी बुडालेल्या कामगारालाही त्यावर दावा सांगता येतो. सकाळी आलेले घरमालक आणि संध्याकाळी आलेले गवंडी या दोघांना तेथे एकाच दाराशी उभे राहता येते. मंडळाच्या पंधरा सभासदांत कंत्राटदार अल्पसंख्य आहेत, सामान्य नागरिक आठ आहेत आणि बांधकाम मजुरांच्या संघटनेचा एक प्रतिनिधी कायद्यानेच बसवलेला आहे.

पळवाटाही पाहिल्या आहेत. परवाना रद्द झालेला मनुष्य दुसऱ्या परवानाधारक पेढीत भागीदार किंवा अधिकारी म्हणून पुन्हा शिरू शकत नाही. भावाच्या किंवा मेव्हण्याच्या नावाने पाटी बदलण्याची विद्या आपल्याकडेच आहे असे समजू नये. बिनपरवाना काम करणाऱ्याला कोर्टात मजुरीचा दावा लावता येत नाही. उलट दिलेले सर्व पैसे मालक परत मागू शकतो. लहानसहान कामांना परवान्याची माफी आहे. १ जानेवारी २०२५ पासून ती मर्यादा एक हजार डॉलरपर्यंत आहे, पण त्या कामाला बांधकाम परवानगी लागत नसली आणि हाताखाली मजूर नसले तरच.

एवढे असूनही तेथे घरे अर्धवट राहतात हे सांगणे आमचे कर्तव्य आहे. परवाना रद्द झाल्याने भिंत उभी राहत नाही. पंचवीस हजारांच्या एका जामीनखतावर दहा जणांनी हात टाकला तर प्रत्येकाच्या वाट्याला थोडेच येते. आणि जो बिनपरवानाच फिरतो त्याचा परवाना रद्द करण्याची धमकी व्यर्थ. तरीही फरक आहे. तेथे घरमालकाला पैसे देण्याआधी कंत्राटदाराचा परवाना क्रमांक तपासता येतो, आणि पूर्वी झालेली कारवाई लोकांपुढे उघड असते. फसलेला माणूस पुढच्याला सावध करू शकतो.

आता आपल्या घरी येऊ. या बाबतीत महाराष्ट्र मागासलेला होता असे कोणी म्हणू नये. १९६३ साली आपल्या विधिमंडळाने फ्लॅटच्या मालकीविषयी कायदा केला. बिल्डराने आगाऊ रक्कम घेण्यापूर्वी लेखी करार करावा, घेतलेल्या रकमेचा वेगळा हिशेब ठेवावा, हे तत्त्व त्यात होते. १९८६ च्या ग्राहक कायद्याने मंच उभे केले. १९९३ साली ‘सेवा’ या शब्दात गृहबांधणी स्पष्टपणे घातली गेली आणि त्याच वर्षी लखनौ विकास प्राधिकरणाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने गृहबांधणीला सेवा म्हणून मान्यता दिली. १ ऑक्टोबर २०१८ पासून विशिष्ट अनुतोष कायद्याच्या २० व्या कलमाने आणखी एक उपयुक्त वाट दिली : काम टाकणाऱ्याला निदान तीस दिवसांची लेखी नोटीस देऊन मालकाने दुसऱ्याकडून काम पुरे करवून घ्यावे आणि खर्च पहिल्याकडून वसूल करावा. संघाने दुसरा माणूस आणून काम पुरे करून द्यावे, या जुन्या नियमाचाच हा नातू आहे. फक्त दुसरा माणूस आता मालकाने शोधायचा आहे.

सर्वांत मोठे पाऊल २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याचे. आपण त्याला रेरा म्हणतो. महाराष्ट्राचे प्राधिकरण १ मे २०१७ पासून काम करू लागले. नोंदणीकृत करार केल्याशिवाय किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घ्यायची नाही. खरेदीदारांकडून आलेल्या पैशांतील सत्तर टक्के वेगळ्या खात्यात ठेवायचे आणि ते त्याच प्रकल्पाच्या जमिनीवर व बांधकामावरच खर्च करायचे. गैरवर्तन झाले तर प्रकल्पाची नोंदणी रद्द करायची. येथेही मर्मावरच बोट ठेवले आहे : पैसा एका घरातून दुसऱ्या घरात वाहू द्यायचा नाही.

पण हा कायदा घर विकणाऱ्यासाठी आहे. ज्याचा स्वतःचा वाडा, चाळीतली खोली किंवा सोसायटीतला फ्लॅट आहे आणि ज्याला फक्त गिलावा, फरशी, नळकाम, गच्चीची गळती, वर एक मजला एवढेच करून घ्यायचे आहे, त्याचा कंत्राटदार रेराच्या नोंदणीत येत नाही. विक्रीचा संबंध नसलेल्या दुरुस्ती-नूतनीकरणाला त्या कायद्यातच नोंदणीची माफी आहे. विजेचे काम करणाऱ्या ठेकेदाराला सरकारी परवाना लागतो, हे आपण जाणता. तार चुकली तर माणूस मरतो म्हणून. पण सबंध घराचे काम आणि सबंध आयुष्याची शिल्लक ज्याच्या हवाली करायची, त्या सर्वसाधारण कंत्राटदाराला आमच्या शहरात एक फोन नंबर आणि एक छापील कार्ड पुरते. नाक्यावरच्या मजुराने सरकारी कल्याणकारी मंडळात नाव घालायचे तर नव्वद दिवस काम केल्याचा दाखला त्याला आणावा लागतो. त्याला कामावर नेणाऱ्याने मात्र कोठे काही दाखवावे लागत नाही.

येथे एक आक्षेप येईल आणि तो आमच्याच लोकांतून येईल. थापी धरणारा हुशार गवंडी चार माणसे जमवून स्वतः मिस्त्री होतो, मग लहान कंत्राटदार होतो. गरीब माणसाला वर चढण्याच्या ज्या थोड्या शिड्या आहेत त्यांतली ही एक. परवाना आणला तर कचेरीत खेटे, चहापाणी आणि दलाल आलेच. मोठा कंत्राटदार परवाना सहज मिळवील आणि लहान मिस्त्री बिनपरवाना ठरून गुन्हेगार होईल. हा आक्षेप खोटा नाही. १८५९ चा कायदाही लबाडी थांबवण्याच्या नावानेच आला होता आणि पडला तो सर्वांत दुबळ्या हातावर. म्हणून आम्ही म्हणतो, की बंधन प्रथम पैशावर असावे आणि मग माणसावर. दहा टक्क्यांहून अधिक आगाऊ नाही, आणि पुढचा हप्ता झालेल्या कामाप्रमाणे, हा नियम लहान मिस्त्रीला जाचक नाही. मालकाने वेळेवर हप्ता दिला तर उलट त्याच्या सोयीचा आहे. सामान मालकाने स्वतः आणून द्यावे, ही आपल्याकडे जुनी पद्धत आहेच. विशिष्ट रकमेवरील कामांनाच नोंदणी आणि जामीन असावा. त्याखालची कामे मोकळी असावीत. जामिनाच्या रकमेवर घरमालकाइतकाच मजुराचा हक्क असावा. काम टाकण्याची सबब ऐकली जावी, कारण हप्ता अडकवणारे मालकही आम्ही पाहिले आहेत. आणि न्याय देणाऱ्या मंडळावर नागरिक आणि मजूर दोघे असावेत. ही नोंदणी नगरपालिकांनी ठेवावी. बांधकामाची परवानगी त्यांच्याच कचेरीतून निघते.

या सबंध इतिहासाचा अर्थ आम्हांला असा दिसतो. काम टाकून जाणाऱ्याला शासन करावे की नाही, याबद्दल फारसा मतभेद कधीच नव्हता. प्रश्न नेहमी दुसरा होता : शासन कोणाच्या अंगावर पडते, आणि ज्याचे घर उघडे पडले त्याला त्यातून काय मिळते? जेथे राज्याने उचल घेणाऱ्या हाताला कोठडी दाखवली, तेथे मजूर गुलाम झाला. जेथे राज्याने हे दोघांचे खासगी भांडण म्हणून हात झटकले, तेथे मधला माणूस गबर झाला. जेथे पैशाला हप्ते बांधले, माणसाच्या मागे जामीन उभा केला आणि सबब ऐकून मग परवाना काढून घेतला, तेथे घरमालक आणि मजूर दोघांनाही थोडाफार आधार मिळाला. तो आधार अपुरा आहे. पण आजवर जे करून पाहिले त्यात एवढाच टिकला आहे.

आपल्या शहरात दर उन्हाळ्यात, पाऊस येण्याआधी, शेकडो घरांची कामे निघतात. यंदाही निघाली आहेत. ज्यांची निघाली असतील त्यांना आमचे सांगणे एवढेच : करार कागदावर लिहून घ्या, हप्ते कामाला बांधा, आणि भिंतीवर काम करणाऱ्या गवंड्याला त्याची मजुरी पोचली की नाही, हे त्याला स्वतः विचारा. कंत्राटदार डळमळू लागला आहे याची पहिली खबर घरमालकाला तेथूनच मिळते, कारण मजुराची मजुरी सर्वांत आधी थकते.